कोरी काच

उणे अडतीस. इर्तिश नदी पार तळाकडे सरकून वाहणारी,
आणि आमच्या औष्णिक केंद्रात मी बाह्या दुमडून
चार नंबरच्या बॉयलरच्या ड्रमपाशी घामाघूम.
रात्रपाळी हाती घेतली की आधी काच फुंकून घ्यायची,
हे तीखोन मात्वेयेविचनं शिकवलं.
त्याला डावी भुवई नव्हती. का, ते कधी सांगितलं नाही.
विचारलं की म्हणायचा, "झेयनेश, काच फुंक."

काठोकाठ भरलेली काच आणि ठणठणीत कोरडी काच
दिसायला सारखीच.
मधे पाण्याची रेघ असेल तरच ती काही बोलते.
रेघ नसेल तर आत पूर असेल किंवा दुष्काळ,
बाहेरून दोन्हींचा चेहरा एकच.

त्या रात्री निचऱ्याची तोटी उघडली. काच फुस्सकन रिती झाली.
तोटी मिटली, मोजू लागले.
एरवी एक म्हणेपर्यंत पाणी उसळून वर येतं,
थरथरतं, मग जागेवर बसतं
वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखं.
एक. दोन. सात.
वाफेची तोटी बंद करून पाहिली. बारा.
काच कोरी.

दुसरी काच सोमवारपासून गळत होती, तिच्यावर लाल चिठ्ठी.
पॅनेलवरचा काटा म्हणत होता, सगळं आलबेल.
फोनवर सागिंतायही तेच म्हणाला: काटा नीट आहे ना?
मग पंप वाढव, पाणी सोड थोडं.
शहरात चाळीस हजार खिडक्या आहेत, झेयनेश.

पाणी सोड.
कोरड्या, लाल झालेल्या नळ्यांवर पाणी पडलं
तर वाफेला जागा लागते,
आणि ती जागा भिंतींना विचारून घेत नाही.
नियमपुस्तकात एवढं पाल्हाळ नाही.
तिथे फक्त: तात्काळ बंद करावा. पाणी भरू नये.
शाळेत शिकलो होतो, अशा वाक्यात कर्ता अध्याहृत असतो.
त्या रात्री कर्ता मी होते.

बटण दाबलं. कोळशाच्या गिरण्या एकेक करून गप्प झाल्या,
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा
मला माझ्याच बुटांचा आवाज ऐकू आला.

पहाटे काच खोलली. खालच्या वाटेत
क्षाराचा एक कपचा, बाजरीच्या दाण्याएवढा.
ड्रममध्ये पाणी होतं. पुरेसं.
अगदी काटा सांगत होता तेवढं.

सहा तास शहर गारठलं, एका दाण्यापायी.
सागिंताय आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.
बॉयलर निरीक्षक कुलियाशबाई आल्या,
धुकं धरलेला चष्मा पुसून माझी नोंद दोनदा वाचली.
खाली लिहिलं: कृती योग्य.
त्याखाली: दुसरी काच सोमवारपासून का गळते आहे?
चहा न घेताच गेल्या.

घरी आले तर जिन्यात शेजारचे एवाल्ड आजोबा, हातात कुंडी.
लिंबाचं झाड, बायको गेली त्या वर्षी बीपासून वाढवलेलं,
खिडकीला टेकून होतं.
थंडीनं मेलेली पानं उकडल्यासारखी दिसतात.
"तुमच्या केंद्रात कुणा मूर्खानं बॉयलर बंद केला म्हणे."
म्हटलं, "मी केला."
ते बराच वेळ कुंडीकडे बघत राहिले.
दाण्याचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं
तर झाड आणखीच फुकट गेलं असतं.

मार्चमध्ये त्या खोडाला एक हिरवं टोक फुटलं,
असं लिहायला आवडलं असतं. फुटलं नाही.
आजोबांनी कुंडीत कांदे लावलेत.

काल पुन्हा रात्रपाळी. सोबत नवी पोरगी, मेरुएर्त.
दोन्ही काचा आता धड आहेत.
तिनं विचारलं, ताई, तुमचं कधी चुकलं का हो?
मी म्हटलं, काच फुंक.
एक म्हणायच्या आत पाणी आलं.